बिनशर्त शरणागतीच्या अटी

१७ जून २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर इराणला उद्देशून दोनच शब्द टाकले, तेही सगळ्या मोठ्या अक्षरांत: 'अनकंडिशनल सरेंडर'. बिनशर्त शरणागती. कोणी, कोणापुढे, कशाची आणि कधीपर्यंत, यातलं काहीच त्या दोन शब्दांत नव्हतं. इराणच्या सैन्याने शस्त्रं ठेवायची होती, अणुकार्यक्रम गुंडाळायचा होता, की तिथल्या राजवटीनेच पायउतार व्हायचं होतं? पाच दिवसांच्या आत अमेरिकी विमानांनी तीन अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले आणि २४ जूनला युद्धविराम झाला. शरणागतीच्या कुठल्याही कागदावर कोणी सही केली नाही. ती का झाली नाही, हेही फारसं कोणी विचारलं नाही.

नेत्यांनी मोठे शब्द वापरावेत यात नवल नाही. नवल याचं की हे शब्द मुळात मोठे नव्हतेच. एका लढाईत, एका किल्ल्यापुरते, एका ब्रिगेडियरने वापरलेले ते कामचलाऊ शब्द होते. पुढे ते राष्ट्रांचं धोरण झाले आणि आता घोषणा झालेत. माझं म्हणणं असं की, ते जितके फुगत गेले तितके पोकळ होत गेले. ज्या युद्धांचा शेवट 'बिनशर्त' म्हणून सांगितला जातो, त्यांतली बहुतेक अटींवरच संपली आहेत. अटी आधी उघड सांगितल्या की नंतर मागच्या दाराने दिल्या, एवढाच फरक. पण तो फरक पडेपर्यंत माणसं मरत राहतात.

आधी थोडं मागे जायला हवं. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या युरोपात किल्ला सोडून देणं हा जवळपास ठरलेला व्यवहार होता. तटाला खिंडार पडलं किंवा रसद संपली की किल्लेदार बोलणी लावायचा आणि मग कलमं ठरायची. शिबंदीने हत्यारांसह बाहेर पडायचं की हत्यारं टाकून, ढोल वाजवत की गप्प, निशाणं फडकवत की गुंडाळून. मानाने बाहेर पडू देण्यात जिंकणाऱ्याचा मोठेपणा होताच, पण हिशेबही होता. शेवटच्या माणसापर्यंत लढायला तयार असलेल्या शिबंदीशी खिंडारात झुंजण्यापेक्षा तिला ढोल वाजवू देणं स्वस्त पडतं. आपल्याकडे हा व्यवहार वसईत झाला. मे १७३९ मध्ये, हजारो माणसं गमावल्यानंतर, चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांना हत्यारं, ढोल आणि निशाणांसह बाहेर पडू दिलं आणि गाशा गुंडाळायला आठवडाभराची मुदतही दिली. मराठ्यांना वसई हवी होती, ती मिळाली. पोर्तुगिजांची मान खाली घालायला लावून आणखी काय हाती येणार होतं?

जिथे असा करार जमत नसे, तिथे किल्लेदार स्वतःला जिंकणाऱ्याच्या मर्जीवर सोडून द्यायचा. इंग्रजीत याला 'सरेंडर अ‍ॅट डिस्क्रिशन' म्हणत. 'अनकंडिशनल सरेंडर' हे त्याचंच पुढचं रूप. त्याला खरी प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात.

फेब्रुवारी १८६२. टेनेसी राज्यात कंबरलँड नदीकाठच्या फोर्ट डोनेल्सनला उत्तरेच्या सैन्याने वेढा घातला होता. आत दक्षिणेचे तीन जनरल होते. सगळ्यांत वरिष्ठ जॉन फ्लॉइड. हे गृहस्थ काही काळापूर्वीपर्यंत अमेरिकेचेच युद्धमंत्री होते. पकडले गेलो तर देशद्रोहाचा खटला चालेल, या धास्तीने ते आगबोटीत बसून निघून गेले. दुसरे गिडियन पिलो, तेही नदीपार पसार झाले. नेथन फॉरेस्ट नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याने आपले स्वार घेऊन रात्रीतूनच वाट काढली. उरले सायमन बकनर. वेढा घालणारे युलिसिस ग्रँट हे त्यांचे सैनिकी शाळेपासूनचे मित्र. १८५४ मध्ये ग्रँट सैन्यातून बाहेर पडून न्यूयॉर्कमध्ये कफल्लक अवस्थेत अडकले होते, तेव्हा बकनरांनीच त्यांना पैशाची मदत केली होती.

१६ फेब्रुवारीला बकनरांनी अटी ठरवण्यासाठी निरोप धाडला. मित्र समोर आहे म्हटल्यावर जुन्या रिवाजाप्रमाणे काहीतरी मिळेल, अशी त्यांची समजूत असावी. उत्तर आलं: बिनशर्त आणि तात्काळ शरणागतीखेरीज काहीही मान्य होणार नाही, मी लगेच तुमच्या तटबंदीवर चालून येत आहे. बकनरांनी हे उत्तर अनुदार आहे, वीराला न शोभणारं आहे, असं लिहून कळवलं आणि शरण आले. बारा हजारांहून अधिक सैनिक कैद झाले.

ग्रँट काय म्हणत होते ते नीट पाहावं. नदीवरून माणसं निसटत होती. बोलणी लावणं म्हणजे त्यांना आणखी एक रात्र देणं. 'बिनशर्त'चा अर्थ तेवढाच होता: घासाघीस नको, वेळ काढू नका. कैद्यांना कसं वागवलं जाईल याचा अंदाज दोन्ही बाजूंना होता, कारण दोघेही एकाच शाळेत शिकलेले होते आणि युद्धाचे नियम दोघांनाही ठाऊक होते. शरणागतीनंतर ग्रँटनी बकनरांना बाजूला घेऊन आपली पैशाची थैली पुढे केली. तेवीस वर्षांनी ग्रँट वारले, तेव्हा अंत्ययात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये हेच बकनर होते.

पण वर्तमानपत्रांना आयतंच घबाड मिळालं. युलिसिस एस. ग्रँट या नावाची आद्याक्षरं 'यू. एस.' म्हणजे 'अनकंडिशनल सरेंडर', हे कोणाला तरी सुचलं आणि ते देशभर झालं. (ग्रँट लढताना तोंडात सिगार ठेवतात, अशीही बातमी आली. लोकांनी कौतुकाने पेट्यांवर पेट्या सिगार पाठवल्या. ते पुढे घशाच्या कर्करोगाने गेले.) नाव चिकटलं, पण ज्याला ते चिकटलं त्याने ते फार काळ पाळलं नाही. जुलै १८६३ मध्ये व्हिक्सबर्गला त्यांनी आधी तीच मागणी केली. समोरचे दक्षिणेचे सेनापती पेंबर्टन यांनी नकार दिला. त्याच संध्याकाळी ग्रँटनी अट दिली: पुन्हा लढणार नाही असं वचन द्या आणि घरी जा. एकोणतीस हजारांच्या आसपास कैदी बोटींत भरून उत्तरेला न्यायचे, खायला घालायचे, हा खर्च आणि खटाटोप कोण करणार? ९ एप्रिल १८६५ ला अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेचे सरसेनापती ली यांच्या सैन्याला तर त्यांनी सरळ कलमं लिहून दिली. अधिकाऱ्यांनी कमरेची शस्त्रं स्वतःजवळच ठेवावीत. सैनिकांनी आपले घोडे घरी न्यावेत, पेरणीचे दिवस आहेत. उपाशी सैन्याला शिधाही दिला. 'बिनशर्त' ग्रँटच्या हातून झालेली सगळ्यांत महत्त्वाची शरणागती अशी अटींनी भरलेली होती.

यानंतर जवळपास ऐंशी वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, या शब्दांचा अर्थ बदलला, आणि तो एका पत्रकार परिषदेत बदलला. २४ जानेवारी १९४३, मोरोक्कोतलं कॅसाब्लांका. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी शेजारी बसलेल्या ब्रिटिश पंतप्रधान चर्चिलना साक्षी ठेवून पत्रकारांना ग्रँटची गोष्ट सांगितली आणि जाहीर केलं की जर्मनी, इटली आणि जपान यांच्याकडून आम्हाला बिनशर्त शरणागती हवी आहे. नंतर ते म्हणत की हे शब्द बोलता बोलता तोंडी आले. प्रत्यक्षात अमेरिकी परराष्ट्र खात्यात १९४२ पासूनच यावर विचार चालू होता. चर्चिलनी तर १९४९ मध्ये पार्लमेंटात, आपण हे शब्द रूझवेल्टच्या तोंडून त्या पत्रकार परिषदेतच पहिल्यांदा ऐकले, असं सांगितलं आणि नंतर ते मागे घेतलं. कारण आधीच त्यांनी आपल्या मंत्रिमंडळाशी यावर तारेने सल्लामसलत केली होती. मोठ्या शब्दांचं पालकत्व कोणाचं, हे विजयानंतरही या दोघांना नीट सांगता येत नव्हतं.

किल्लेदाराकडून मागायची गोष्ट आता सबंध राष्ट्राकडून मागितली जात होती. किल्ल्यातली शिबंदी शरण आली की लढाई संपते. राष्ट्र शरण आलं की काय संपतं? त्याचं सरकार, कायदे, राजा, सीमा? रूझवेल्टनी त्याच वेळी स्पष्टीकरण दिलं होतं की याचा अर्थ जनतेचा नाश असा नाही, तर जिंकण्याच्या आणि गुलाम करण्याच्या तत्त्वज्ञानाचा नाश असा आहे. पण तत्त्वज्ञान सही करत नाही. चर्चिलनी फेब्रुवारी १९४४ मध्ये पार्लमेंटात याचा अर्थ आणखी उलगडला. जिंकणाऱ्यांचे हात मोकळे राहतील, पण म्हणून त्यांना रानटीपणे वागण्याची मुभा नाही. आम्ही बांधलेले असू तर आमच्या सदसद्विवेकाने, सौद्याने नव्हे. हे ऐकायला उदात्त वाटतं. ज्या जर्मन आईचा मुलगा आघाडीवर आहे, तिने मात्र शत्रूच्या सदसद्विवेकावर भरवसा ठेवायचा होता.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. जर्मनीच्या बाबतीत या धोरणाला सबळ कारण होतं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, ऑक्टोबर १९१८ मध्ये, जर्मनीने अमेरिकी अध्यक्ष विल्सन यांच्या शांततेच्या चौदा कलमांच्या आधारे युद्धविराम मागितला, तेव्हा अमेरिकी सेनापती पर्शिंग बिनशर्त शरणागतीचा आग्रह धरत होते. तो मानला गेला नाही. कागदावर सही मुख्यत्वे मुलकी मंत्र्याने केली, सैन्य शिस्तीत घरी परतलं, आणि बर्लिनमध्ये नव्या सरकारचे प्रमुख एबर्ट यांनी त्याचं स्वागत करताना 'कुठल्याही शत्रूने तुम्हाला हरवलेलं नाही' असं म्हटलं. त्यातून, सैन्य हरलं नाही, घरच्यांनीच 'पाठीत खंजीर खुपसला', ही दंतकथा उभी राहिली आणि हिटलर तिच्यावर स्वार झाला. १९४५ मध्ये ते होऊ द्यायचं नव्हतं. रँस आणि बर्लिन इथे जर्मन सेनाधिकाऱ्यांनीच सह्या केल्या आणि ५ जूनला चार विजेत्यांनी जर्मनीची सर्वोच्च सत्ता आपल्या हाती घेतली. हरलो नाही, असं म्हणायला जागाच उरली नाही. शिवाय हिटलरशी बोलणार तरी कोण आणि कशाबद्दल?

तरी त्याची किंमत होती. १९४३ च्या तेहरान परिषदेत स्टालिननीच शंका काढली होती की अर्थ न सांगितलेली ही मागणी जर्मनांना एकजूट करायलाच उपयोगी पडेल. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला तर दुसरं काही नको होतं. जुलै १९४३ मध्ये मुसोलिनी कोसळला, पण इटलीशी कोणत्या शब्दांत तडजोड करायची यात सप्टेंबर उजाडला. तेवढ्या आठवड्यांत जर्मन फौजा इटलीत उतरल्या आणि पुढची दीड-दोन वर्षं तिथे लढाई चालली. या शब्दांमुळे युद्ध किती लांबलं यावर इतिहासकार अजून भांडतात. मला वाटतं, जर्मनीपुरतं ते अटळ होतं, इटलीत ती हट्टाची चैन होती.

खरी कसोटी जपानची. २८ मे १९४५ ला अमेरिकेचे हंगामी परराष्ट्रमंत्री जोसेफ ग्रू यांनी नवे अध्यक्ष ट्रुमन यांना सुचवलं की सम्राटाचं पद राहू शकेल असं जाहीर करा. ग्रू दहा वर्षं टोकियोत राजदूत होते, जपान त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता. युद्धमंत्री स्टिमसन यांच्या मसुद्यातही सध्याच्याच राजघराण्याखाली घटनात्मक राजेशाहीची शक्यता नमूद होती. २६ जुलैला जपानला शरण यायला सांगणारा पॉट्सडॅमचा जाहीरनामा निघाला तेव्हा ते वाक्य गाळलेलं होतं. गंमत म्हणजे त्या जाहीरनाम्यात 'या आमच्या अटी आहेत' असं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि पुढे त्या अटींची यादी आहे. शेवटच्या कलमात 'बिनशर्त शरणागती' आहे, पण ती जपानच्या सैन्यदलांची. म्हणजे कागद लिहिणाऱ्यांनी हे शब्द पुन्हा ग्रँटच्या मापात आणले होते. फक्त हे कोणाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं नाही.

६ ऑगस्टला हिरोशिमा. ९ ऑगस्टला सोव्हिएत आक्रमण आणि नागासाकी. १० ऑगस्टला जपानने कळवलं की सम्राटाच्या अधिकारांना बाधा येणार नाही या समजुतीवर आम्ही जाहीरनामा मान्य करतो. अमेरिकेचं उत्तर हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं: सम्राटाची सत्ता दोस्त राष्ट्रांच्या सर्वोच्च सेनापतीच्या अधीन राहील. अधीन राहील, म्हणजे राहील तर खरी. १४ तारखेला जपानने होकार दिला आणि ट्रुमन यांनी पत्रकारांना सांगितलं की या उत्तरात कुठलीही अट नाही. हिरोहितो १९८९ पर्यंत सिंहासनावर होते.

मे महिन्यात हे एक वाक्य सांगितलं असतं तर जपान तेव्हाच थांबला असता, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. जपानचे युद्धमंत्री अनामी आणि त्यांच्या साथीदारांना आणखी तीन अटी हव्या होत्या, त्यांत परकी सैन्य देशात न येण्याचीही होती. आणि दोन बॉम्बनंतरही जपानच्या सर्वोच्च युद्धमंडळात तीन विरुद्ध तीन अशी कोंडी होती. पण जी गोष्ट शेवटी द्यायचीच होती, ती अडीच महिने तोंडातून बाहेर काढायची नाही, कारण अमेरिकी मतदाराला 'बिनशर्त' असं वचन दिलंय, हे राजकारण होतं. रणनीती नव्हती. त्या अडीच महिन्यांत ओकिनावाची लढाई संपायची होती आणि शहरामागून शहरं जळायची होती.

पुढे हे शब्द आणखी सैल झाले. डिसेंबर २००१ मध्ये कंदाहारला तालिबान हत्यारं ठेवायला तयार होते आणि हमीद करझाई बोलणी करत होते. तालिबानचा प्रमुख मुल्ला ओमर याला सन्मानाने जगू देणारा कुठलाही समझोता मान्य नाही, असं अमेरिकी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी सांगून टाकलं. २९ फेब्रुवारी २०२० ला त्याच तालिबानशी अमेरिकेने दोह्यात करार केला, आणि त्या वेळी अटी कोण घालत होतं ते जगाने पाहिलं.

मराठी माणसाला 'बिनशर्त' शब्दाची ही लवचिकता नवी नाही. २०१४ मध्ये राष्ट्रवादीने भाजपला बिनशर्त पाठिंबा देऊ केला, २०२४ च्या पाडव्याला राज ठाकरे यांनी नरेंद्र मोदींना. दुसऱ्या वेळी तर विरोधकांनी 'बिनशर्ट' अशी कोटीही करून घेतली. बिनशर्त पाठिंबा म्हणजे अटी चारचौघांत सांगितलेल्या नाहीत, एवढंच आपण समजतो. युद्धाबद्दल बोलताना मात्र हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी चार दिवस संघर्ष होऊन १० तारखेला तो थांबला, तेव्हा 'थांबलोच का' असा संताप उसळला. वाहिन्यांवर आणि फोनवर एकच दाखला दिला जात होता: १९७१, ढाका, पाकिस्तानी सेनापती नियाझींची सही. तो दाखला द्यायलाच हवा. पण पूर्ण द्यावा.

१६ डिसेंबर १९७१ ला इंदिरा गांधींनी लोकसभेत सांगितलं की पश्चिम पाकिस्तानी सैन्याने बिनशर्त शरणागती पत्करली आहे. ढाक्यात ज्या कागदावर सही झाली, त्यात 'बिनशर्त' हा शब्द नाही. उलट 'शरणागतीच्या अटी' हे शब्द आहेत. त्यात भारताच्या पूर्व विभागाचे सेनापती जगजितसिंग अरोरा गंभीरपणे हमी देतात की शरण येणाऱ्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे सैनिकाला साजेशा सन्मानाने वागवलं जाईल, त्यांच्या जिवाचं रक्षण होईल, आणि परदेशी नागरिक, अल्पसंख्याक व पश्चिम पाकिस्तानी लोक यांनाही संरक्षण मिळेल. ही हमी त्या दिवशी सुचलेली नव्हती. लष्करप्रमुख सॅम माणेकशा रेडिओवरून आणि पत्रकांतून कित्येक दिवस हेच सांगत होते: लढून मराल, शरण आलात तर सैनिकासारखे वागवले जाल. १५ तारखेला संध्याकाळी ढाक्यावरचे हवाई हल्ले थांबवून त्यांनी विचार करायला वेळही दिला. सही झाल्यावरही बांगलादेशी मुक्तिवाहिनीच्या रोषापासून बचाव म्हणून काही पाकिस्तानी तुकड्यांकडे रात्रभर हत्यारं राहू दिली. सिंगापूरला १९४२ मध्ये ब्रिटिश सेनापती पर्सिव्हलकडून 'हो की नाही' अशा दरडावणीने बिनशर्त शरणागती घेणाऱ्या जपानी जनरल यामाशितांनीही शहरात लूटमार होऊ नये म्हणून हजार ब्रिटिश सैनिकांची शस्त्रं तशीच ठेवली होती. प्रत्यक्ष जागेवर गेलं की प्रत्येक जनरलला हे कळतं.

त्र्याण्णव हजार लोक तेरा दिवसांच्या युद्धानंतर शरण आले, ते शरण आल्यावर मारले जाणार नाही याची लेखी खात्री होती म्हणून. नियाझींच्या हाताशी अजून हजारो सैनिक होते. ढाक्यात गल्लोगल्ली लढाई झाली असती तर ती आपल्याला आणि त्याहून जास्त बांगला लोकांना महागात पडली असती.

आणि दुसरा भाग, जो फारसा कोणी सांगत नाही. पूर्वेत जिंकल्याबरोबर भारताने पश्चिम आघाडीवर एकतर्फी युद्धविराम जाहीर केला, १७ डिसेंबरच्या रात्री आठपासून. तिथे कोणाकडून शरणागती मागितली नाही, लाहोर घेऊन दाखवण्याचा मोह धरला नाही. आपली उद्दिष्टं मर्यादित होती, बांगलादेशची मुक्तता आणि आपल्या भूमीचं रक्षण, हे इंदिराबाईंनी त्याच लोकसभेतल्या भाषणात सांगितलं होतं. ती पूर्ण झाली होती.

यावर एक जुना आक्षेप आहे: मग १९७२ च्या शिमला करारात एवढे कैदी हातात असताना काश्मीरचा निकाल का लावला नाही? या प्रश्नाला दोन्ही बाजू आहेत. माझं मत विचाराल तर, जिनिव्हा कराराची हमी देऊन घेतलेले कैदी ओलीस म्हणून वापरता येत नाहीत. वापरले असते तर पुढच्या युद्धात भारताच्या शब्दावर कोणी शस्त्र ठेवलं नसतं. पण हा वाद मुद्द्यावर होऊ शकतो, कारण १९७१ मध्ये आपण काय मागितलं, काय दिलं आणि कुठे थांबलो, हे तिन्ही लिहून ठेवलेलं आहे.